जुन्या प्रोग्रामिंग भाषांवर चालणारे संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कोल्हापूर परिसरातले संशोधक विद्यार्थी, मार्गदर्शक आणि प्रयोगशाळा सांभाळणारे यांच्यासाठी आहे. फोर्ट्रान, टर्बो पास्कल, आयडीएल (डेटा विश्लेषणाची परवान्यावर मिळणारी भाषा), पायथॉन २ यांत लिहिलेला कोड हातात आला आहे, तो टाकताही येत नाही आणि चालवताही येत नाही, अशांच्या अडचणी इथे घेतल्या आहेत. आज्ञा आणि पर्यायांची नावे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती इंग्रजी अक्षरांत टाइप करायची, पर्यायाआधी डॅश देऊन.

## फोर्ट्रान ही मेलेली भाषा आहे ना? मग तिच्यावर वेळ कशाला घालवायचा?

भाषा जिवंत आहे. आयबीएममधल्या जॉन बॅकस यांच्या गटाने १९५७ मध्ये ७०४ या संगणकासाठी ती आणली, पण तिचे सर्वांत ताजे प्रमाण २०२३ चे आहे. जीसीसीचा जीफोर्ट्रान, एलएलव्हीएमचा फ्लँग, इंटेलचा आयएफएक्स हे कंपायलर (कोडचा चालणारा प्रोग्राम बांधणारी साधने) आजही सुधारत आहेत आणि त्यातले पहिले दोन मुक्त आहेत.

अडचण वेगळ्याच ठिकाणी असते. कधी कोड प्रमाण फोर्ट्रानमध्ये नसून एखाद्या कंपनीच्या बोलीत लिहिलेला असतो. डीईसीच्या व्हॅक्स संगणकांवरचा बराच कोड असा आहे. कधी कंपायलरच बंद होतो: इंटेलने आपला जुना आयफोर्ट २०२५ च्या वनएपीआय संचातून काढून टाकला. पायथॉनचे तर उलटेच. भाषा सगळीकडे, पण तिची दुसरी आवृत्ती १ जानेवारी २०२० पासून बेवारस.

त्यामुळे भाषेचे वय मोजत बसू नका. तीन गोष्टी विचारा: सोर्स कोड हातात आहे का, तो बांधणारा कंपायलर आज मिळतो का, आणि अमुक इनपुटला बरोबर उत्तर कोणते याचा पुरावा आहे का. पहिल्या दोन्हींवर तोडगा बहुतेक वेळा निघतो. पुरावा नसेल तर चालणारा प्रोग्रामही निरुपयोगी ठरतो, कारण तो बरोबर चालतो आहे की चूक, हे कोणालाच सांगता येत नाही. या पानावरची जवळजवळ सगळी उत्तरे याच मुद्द्याकडे येतात.

## आमच्या विभागात कोणी फोर्ट्रान लिहीत नाही. तरी आमचा संबंध येतो का?

बहुधा येतो. एक्सआरडीचे (क्ष-किरण विवर्तनाचे) पॅटर्न रिटवेल्ड पद्धतीने जुळवणारे फुलप्रॉफ फोर्ट्रानमध्ये आहे. पदार्थांची इलेक्ट्रॉनिक रचना काढणारे क्वांटम एस्प्रेसो, हवामानाचे डब्ल्यूआरएफ, पंचगंगेसारख्या खोऱ्यातला पाऊस आणि प्रवाह मांडणारे स्वॅट, भूजलाचे मॉडफ्लो, डीएसएसएटी या पीक प्रतिमानातला उसाचा केनेग्रो भाग, आयनांबराचे आयआरआय, हे सगळे फोर्ट्रान. पायथॉनच्या नमपायमधले मॅट्रिक्सचे काम ज्या लॅपॅक या संचावर चालते तीही मुळात फोर्ट्रानचीच.

नुसते वापरणाऱ्यालाही हे ठाऊक असावे लागते. अशा प्रोग्रामांच्या इनपुट फाइली अनेकदा ठरावीक रकान्यांच्या असतात. उसाच्या नव्या वाणाची ओळ चिकटवताना एक स्पेस जास्त पडली की आकडा शेजारच्या रकान्यात वाचला जातो आणि प्रोग्राम तक्रारही करत नाही. त्याहून फसवी गोष्ट दशांश चिन्हाची. फॉरमॅट एफ६.२ (सहा रकाने, दोन दशांश स्थाने) असेल आणि तुम्ही चिन्ह न देता १२५० लिहिले, तर फोर्ट्रान ते १२.५० असे वाचते. म्हणून अशा फाइलीत पूर्णांक किंमतसुद्धा दशांश चिन्हासह लिहा, आणि टॅब कधीही वापरू नका.

## सर निवृत्त झाले, कोड एका पेनड्राइव्हवर मिळाला आहे. सुरुवात कुठून करू?

फाइल एडिटरमध्ये उघडून सेव्ह करू नका. आधी संपूर्ण फोल्डरची जशीच्या तशी प्रत घ्या, प्रत्येक फाइलचा एसएचए २५६ चेकसम (फाइल बदलली का हे ओळखण्याचा ठसा) काढून एका साध्या मजकूर फाइलीत ठेवा, आणि मूळ प्रत फक्त वाचता येईल अशी करा. मग दुसऱ्या प्रतीवर गिट (बदलांची नोंद ठेवणारे साधन) सुरू करा. विंडोजवर असाल तर गिटचा ऑटोसीआरएलएफ पर्याय त्याआधीच बंद करा, नाहीतर पहिल्याच कमिटमध्ये (गिटमधल्या नोंदीत) ओळींची टोके बदललेली असतील. पहिल्या कमिटमध्ये एकही सुधारणा नको, वाचायला सोपे जावे म्हणून केलेलीसुद्धा नको.

त्यानंतर इनपुट आणि त्याचे जुने आउटपुट शोधा. छापील असले तरी चालते: प्रबंधाच्या परिशिष्टातला तक्ता, डॉट मॅट्रिक्सवर काढलेला कागद, शोधनिबंधातला आलेख. एक जुळणारी जोडी मिळाली तरी पुढच्या कामाला आधार मिळतो.

सरांना भेटायला जाताना "कोड समजावून सांगा" असे मोघम विचारू नका. कोडचा छापील कागद समोर ठेवा आणि नेमके विचारा. कोणता संगणक, कोणता कंपायलर, कोणते पर्याय? ०.६२२ किंवा १.३७ असे आकडे मध्येच आले आहेत, ते कुठून घेतले? कोणते सबरूटीन (प्रोग्राममधला वेगळा तुकडा) स्वतः लिहिले, कोणते दुसरीकडून आणले? एकाच नावाच्या तीन फाइलींपैकी शेवटची कोणती? कोणत्या मर्यादेपलीकडचे इनपुट दिले की उत्तर विश्वासार्ह राहत नाही? उत्तरे त्याच दिवशी कोडशेजारी एका फाइलीत लिहून काढा. ही माहिती दुसरीकडे कुठेच नसते आणि माणूस गेला की तीही जाते. शक्य असेल तर निवृत्तीच्या आधीच्या सत्रातच हे काम उरका.

कोड फ्लॉपीवर असेल तर यूएसबीला जोडायचा ड्राइव्ह फक्त साडेतीन इंची फ्लॉपी वाचतो. सव्वापाच इंचीसाठी जुना संगणकच शोधावा लागतो. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणाने चकतीवर बुरशी धरते. तसे दिसले तर ड्राइव्हमध्ये घालून पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका, ड्राइव्हचे वाचणारे हेड खराब होते आणि चकतीही खरवडते. राइट प्रोटेक्टची खिटी लावून डीडीरेस्क्यूने संपूर्ण चकतीची इमेज घ्या. फाइली नंतर त्या इमेजमधून काढा.

## जुना फोर्ट्रान कोड जीफोर्ट्रानवर कंपाइल होत नाही. काय तपासायचे?

पहिले, फाइलचे नाव. शेवट .एफ असेल तर कंपायलर जुनी बंदिस्त मांडणी धरतो: पहिले पाच रकाने लेबलसाठी, सहावा मागची ओळ पुढे चालू असल्याच्या खुणेसाठी, सात ते बहात्तर विधानासाठी. त्र्याहत्तरपासून पुढचे सगळे तो टाकून देतो. लांब ओळीचा शेवट कापला जाऊनही उरलेली ओळ व्याकरणाने बरोबर ठरली, तर चूक कळतच नाही. कोड १३२ रकान्यांचा असेल तर एफफिक्स्ड-लाइन-लेंग्थ-१३२ द्या. डॉसवरून आलेल्या फाइलीच्या शेवटी कंट्रोल झेडचे चिन्ह असते, तेही काढावे लागते.

दुसरे, एसटीडी=लेगसी. यामुळे हॉलरिथ स्थिरांक, अंकगणिती इफ आणि प्रमाणातून वगळलेल्या बऱ्याच गोष्टी चालून जातात. व्हॅक्सच्या बोलीसाठी एफडेक हा वेगळा पर्याय आहे.

तिसरे, अर्ग्युमेंटचे प्रकार न जुळणे. २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० पासून हा थेट एरर ठरतो, त्याआधी बहुतेक वेळा चालत होते. म्हणून "गेल्या वर्षापर्यंत चालत होते, उबंटू बदलले आणि बंद पडले" ही तक्रार सर्वांत जास्त येते. एफअलाउ-अर्ग्युमेंट-मिसमॅच दिल्यावर कोड बांधला जातो. पण आधी तो संदेश वाचा. एका ठिकाणी रिअल आणि दुसऱ्या ठिकाणी डबल प्रिसिजन पाठवले जात असेल, तर ती खरी चूक आहे आणि कदाचित वर्षानुवर्षे आकडे बिघडवत आली आहे.

"रिलोकेशन ट्रंकेटेड" असा लिंकरचा संदेश आला तर स्थिर ॲरे मिळून २ जीबीच्या वर गेले आहेत; एमसीमॉडेल=मीडियम द्या.

## कंपाइल झाला, पण सुरू होताच कोसळतो किंवा उत्तर कचरा येते.

सुरुवातीलाच सेगमेंटेशन फॉल्ट आला तर आधी युलिमिट एस अनलिमिटेड करून पाहा. मोठे स्थानिक ॲरे स्टॅक या तात्पुरत्या जागेत मावत नसतील, तर एवढ्यानेच भागते.

खरी खोल अडचण असते ती जपून राहणाऱ्या किमतींची. जुन्या अनेक कंपायलरांत सबरूटीनमधले व्हेरिएबल कायमच्या जागेत राहत, पुढच्या हाकेपर्यंत (कॉलपर्यंत) आपली किंमत टिकवत, आणि बऱ्याचदा शून्यापासून सुरू होत. लिहिणाऱ्याने किंमत टिकवणारे सेव्ह हे विधान लिहिले नाही आणि शून्यही भरले नाही, तरी त्याचे काम चालत असे. आज तेच व्हेरिएबल स्टॅकवर जाते आणि त्यात जे काही पडलेले असेल ते वाचते. कोड एकदा एफनो-ऑटोमॅटिक देऊन बांधा, एकदा न देता बांधा. दोन्हींची उत्तरे वेगळी आली तर दोष इथेच आहे. मग एफइनिट-रिअल=एसनॅन आणि एफएफपीई-ट्रॅप=इनव्हॅलिड,झिरो,ओव्हरफ्लो हे पर्याय जी आणि एफबॅकट्रेस यांच्यासह द्या; किंमत न भरलेले व्हेरिएबल पहिल्यांदा वापरले जाईल त्या ओळीवरच प्रोग्राम थांबतो. तिथे सेव्ह हवे की शून्य, हे त्या ओळीचे विज्ञान पाहून ठरवायचे. डोळे झाकून सगळीकडे सेव्ह लावू नका.

ॲरेच्या मर्यादा तपासायला एफचेक=ऑल आहे. जुन्या कोडमध्ये सबरूटीनच्या आत ॲरेचा आकार नुसता १ लिहिण्याची पद्धत होती. तिथे खोटे इशारे येतात. १ च्या जागी तारांकन लिहिले की ते थांबतात, आणि उरलेले इशारे खरे असतात.

इम्प्लिसिट नन प्रत्येक सबरूटीनमध्ये घाला, पण जुने उत्तर पुन्हा मिळाल्यानंतर. आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारी नावे पूर्णांक आणि बाकीची रिअल, या जुन्या नियमामुळे स्पेलिंगची एक चूक नवेच व्हेरिएबल तयार करते. अशा चुका या पायरीवर बाहेर येतात.

## प्रोग्राम चालतो, पण सहाव्या अंकापासून उत्तर वेगळे येते. हे चूक आहे का?

ते आकड्यावरून नव्हे, कारणावरून ठरते. सिंगल प्रिसिजनमध्ये सुमारे ७ सार्थ अंक मिळतात, डबलमध्ये १५ ते १६. जुन्या ३२ बिट पीसीवर मधली आकडेमोड ८० बिटांत होत असे, आजचे प्रोसेसर ती ६४ बिटांत करतात. नव्या प्रोसेसरवर गुणाकार आणि बेरीज एकाच टप्प्यात होऊन एकदाच राउंडिंग होते; एफएफपी-काँट्रॅक्ट=ऑफ देऊन ते बंद करता येते. ओफास्ट हा वेगासाठी आकडेमोडीचे नियम सैल करणारा पर्याय संशोधनाच्या कोडला लावूच नका.

एक जुनी चूक इथे हमखास सापडते. डबल प्रिसिजन व्हेरिएबलमध्ये ०.१ भरताना पुढे डबलची खूण डी० लिहिली नसेल, तर आत ०.१०००००००१४९ जाते. यावर उपाय म्हणून एफडीफॉल्ट-रिअल-८ लावला, तर डबल प्रिसिजन आपोआप १६ बाइटचे होते. सोबत एफडीफॉल्ट-डबल-८ द्यावे लागते. शिवाय बायनरी फाइली आणि इक्विव्हॅलन्स (दोन नावांना एकच जागा देणारे विधान) यांची मोजमापे बिघडतात. हाताने डी० लावणे कंटाळवाणे आहे, पण तेच करावे.

किती फरक चालेल हे इनपुटकडून ठरवून घ्या. इनपुटचा शेवटचा सार्थ अंक एकाने वरखाली करून प्रोग्राम चालवा. त्यामुळे आउटपुट जेवढे हलते, त्याहून कंपायलरमुळे येणारा फरक बराच कमी असेल तर काळजी नको. हवामानाच्या प्रतिमानात लहान फरक दिवसागणिक वाढतोच. तिथे एका धावेची दुसरीशी तुलना न करता अनेक धावांची सरासरी आणि विखुरणे पाहावे लागते.

## हवामान खात्याच्या पावसाच्या बायनरी फाइली वाचताना अर्थहीन आकडे येतात.

०.२५ अंशांच्या जाळीवरचे दैनंदिन पर्जन्यमान ज्या ग्रिड फाइलीत मिळते, तिच्यात रेखांशाचे १३५ आणि अक्षांशाचे १२९ बिंदू असतात: ६६.५ ते १०० पूर्व आणि ६.५ ते ३८.५ उत्तर. प्रत्येक किंमत ४ बाइटची. म्हणजे एका दिवसाचे ६९,६६० बाइट, साध्या वर्षाचे २,५४,२५,९०० आणि लीप वर्षाचे २,५४,९५,५६०. वाचण्याआधी फाइलचा आकार या आकड्यांशी जुळवा. जुळला नाही तर डाउनलोड अर्धवट आहे.

फोर्ट्रानमध्ये ही फाइल डायरेक्ट ॲक्सेसने उघडताना रेकलची, म्हणजे एका नोंदीच्या लांबीची, किंमत अडवते. जीफोर्ट्रान ती बाइटमध्ये मोजतो, म्हणून ६९६६०. इंटेलचे कंपायलर मुळात ४ बाइटच्या एककात मोजतात, म्हणून १७४१५, किंवा ॲझ्यूम बाइटरेकल द्यावे. दोन्हीकडे चालणारा मार्ग म्हणजे इन्क्वायर विधानातल्या आयओलेंग्थने लांबी काढून तीच वापरणे.

कोल्हापूर शहराला सर्वांत जवळचा बिंदू १६.७५ उत्तर, ७४.२५ पूर्व. फोर्ट्रानमध्ये एकपासून मोजताना तो रेखांशात ३२ वा आणि अक्षांशात ४२ वा. नमपायमध्ये शून्यापासून मोजायचे आणि क्रम उलटा: दिवस, ४१, ३१. रीशेपही ३६५, १२९, १३५ असाच. घाईत ४२, ३२ लिहिले तर तुम्ही १७ उत्तर, ७४.५ पूर्वला पोहोचता, म्हणजे तासगावच्या बाजूच्या कोरड्या पट्ट्यात. आकडे दिसायला ठीकच असतात, म्हणून चूक लपते. पडताळ्यासाठी जुलैची बेरीज घ्या आणि गगनबावड्याजवळच्या १६.५ उत्तर, ७३.७५ पूर्व या बिंदूशी ताडून पाहा. घाटाकडचा आकडा शहराहून बराच मोठा यायला हवा. नोंद नसलेल्या जागी उणे ९९९ असते. ते वगळल्याशिवाय सरासरी काढू नका.

तुमच्याच जुन्या प्रोग्रामने लिहिलेली अनुक्रमिक बायनरी फाइल असेल, तर प्रत्येक नोंदीच्या आधी आणि नंतर तिची लांबी सांगणारे ४ बाइट असतात. ते थेट वाचले तर सगळे सरकते. पायथॉनच्या सायपायमधले फोर्ट्रानफाइल वापरा. फाइल सन किंवा एसजीआयच्या वर्कस्टेशनवर लिहिलेली असेल तर बाइटचा क्रम उलटा असतो. एफकन्व्हर्ट=बिग-एंडियन दिल्यावर आकडे माणसाळतात.

## एवढा त्रास घेण्यापेक्षा सगळे पायथॉनमध्ये नव्याने का लिहू नये?

कधीकधी लिहावे. कोड लहान आहे, त्यातले विज्ञान तुम्हाला पूर्ण कळते, जुन्या उत्तरांचा पुरावा हाती आहे आणि जुने वातावरण खरोखर मिळत नाही, अशा वेळी पुनर्लेखन योग्य. बाकी वेळी आमचे मत स्पष्टपणे विरोधात आहे. उद्यमनगरात जुन्या लेथचा गिअर झिजला तर कोणी लेथ भंगारात घालत नाही. नमुना बघून नवा गिअर करून घेतात. कोडचेही तसेच करा: दुखणारा भाग बदला, गणिताचा गाभा राहू द्या.

सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेने कणांचा प्रवास मांडणाऱ्या, फोर्ट्रानमधल्या जिआंट ३ च्या जागी सी++ मधले जिआंट ४ आणले. त्या कामाला १९९४ ते १९९८ अशी वर्षे लागली आणि मागे अनेक देशांतल्या संस्था होत्या. दोन विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेने तसे स्वप्न पाहू नये.

मधला रस्ता चांगला आहे. गणिती सबरूटीन फोर्ट्रानमध्येच ठेवा. फाइली वाचणे, आलेख काढणे, अनेक धावा लावणे हे पायथॉनकडे द्या. नमपायबरोबर येणारे, फोर्ट्रान पायथॉनला जोडणारे एफ२पाय यासाठीच आहे. पायथॉन ३.१२ पासून त्याला मेसन आणि निंजा ही बांधणीची साधने वेगळी बसवावी लागतात. काही गोष्टी आधीच हाताळा. सबरूटीनमध्ये स्टॉप असेल तर तो संपूर्ण पायथॉन बंद पाडतो, त्याऐवजी एरर क्रमांक परत करा. कॉमन ब्लॉकमधल्या (सबरूटीनांच्या सामायिक जागेतल्या) किमती दोन हाकांमध्ये तशाच राहतात, म्हणून सुरुवातीची किंमत भरणारे सबरूटीन वेगळे करा. ॲरे फोर्ट्रान क्रमात द्या, नाहीतर प्रत्येक हाकेला गुपचूप प्रत निघून वेग जातो.

## एआयकडून फोर्ट्रानचे पायथॉन करून घेतले तर?

मसुदा म्हणून घ्या, निकाल म्हणून नको. भाषांतर वाचायला सुंदर असते आणि चूक बारीक ठिकाणी असते. फोर्ट्रानमध्ये उणे ७ भागिले २ हा पूर्णांक भागाकार उणे ३ देतो, पायथॉनमध्ये दोन तिरक्या रेघांचा भागाकार उणे ४. डू लूप संपल्यावर फोर्ट्रानचा काउंटर शेवटच्या किमतीच्या पुढे गेलेला असतो, पायथॉनचा शेवटच्या किमतीवर असतो, आणि जुना कोड तो काउंटर पुढे वापरतो. फोर्ट्रान ६६ च्या काळातल्या कंपायलरांवर लूप निदान एकदा तरी चालत असे, मर्यादा शून्य असली तरी. प्रत्येक सबरूटीन स्वतंत्र तपासा: जुन्याला आणि नव्याला तेच इनपुट द्या आणि मधली प्रत्येक किंमत ताडून पाहा. कोड वाचायला मात्र ही साधने फार उपयोगी आहेत. कंप्युटेड गोटू, म्हणजे किमतीवरून पुढची ओळ ठरवणारी उडी, कुठून कुठे जाते याचा नकाशा काढून घ्यायला जरूर वापरा.

## आमची स्क्रिप्ट पायथॉन २ ची आहे. दोन ओळी बदलल्या की झाले ना?

प्रिंटचे कंस बदलणे हा सोपा भाग. धोका न ओरडणाऱ्या बदलांत आहे. भागाकार: ७/२ पूर्वी ३ होता, आता ३.५. राउंड: २.५ चे पूर्वी ३ होत असे, आता २. पायथॉन २ ने साठवलेली पिकल फाइल उघडताना एन्कोडिंग लॅटिन१ द्यावे लागते. आधी शेवटच्या २.७.१८ आवृत्तीवर उणे ३ पर्यायासह चालवा, इशारे मिटवा, आउटपुट जपून ठेवा, मग उडी घ्या. २टू३ हे साधन पायथॉन ३.१३ मधून काढले आहे. त्यासाठी जुनी आवृत्ती बाजूला ठेवा.

## आयडीएलचा परवाना परवडत नाही.

जीडीएल हा मुक्त पर्याय बराचसा कोड तसाच चालवतो. एसएव्ही फाइली सायपायच्या रीडसेव्हने उघडतात. पायथॉनमध्ये नेताना लक्षात ठेवा की आयडीएलचा साधा पूर्णांक १६ बिटांचा असतो, ३२,७६७ नंतर उणे होतो. कंपाइल_ऑप्ट आयडीएल२ लिहिलेले असेल तरच ३२ बिटांचा.

## मोजमापाचे यंत्र डॉसच्या संगणकाला जोडलेले आहे. तो संगणक बंद पडला तर?

बंद पडण्याआधी हार्ड डिस्कची पूर्ण इमेज काढा. फाइली कॉपी करणे पुरेसे नाही, कारण ड्रायव्हर आणि कॉन्फिग फाइलींची मांडणीही लागते. आयडीईला कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड जोडणारा ॲडॉप्टर स्वस्त असतो. इमेज कार्डावर उतरवून त्यावरूनच संगणक सुरू होतो का पाहा. बायॉसमधली डिस्कची मांडणी कागदावर लिहून संगणकाला चिकटवा, कारण बोर्डवरची बॅटरी संपली की ती पुसली जाते. हा संगणक नेटवर्कला जोडू नका.

मधले कार्ड आयएसए स्लॉटचे असेल तर नव्या बोर्डवर ती जागाच नसते आणि डॉसची नक्कल करणारे डॉसबॉक्सही कामी येत नाही, कारण प्रोग्राम थेट पोर्टशी बोलतो. यंत्र सिरियल पोर्टवर असेल तर सुटका सोपी: संवादातले बाइट नोंदवून घ्या आणि पायथॉनच्या पायसिरियलने तीच देवाणघेवाण लिहा.

टर्बो पास्कलचा प्रोग्राम वेगवान संगणकावर "रनटाइम एरर २००" देत असेल तर दोष तुमच्या कोडचा नाही. सीआरटी युनिट सुरुवातीला विलंबाचे माप काढते आणि वेगामुळे भागाकार बिघडतो. फ्री पास्कलच्या टीपी मोडमध्ये पुन्हा बांधला की प्रश्न सुटतो. पण टर्बो पास्कलचा रिअल ६ बाइटचा होता. जुन्या डेटा फाइली वाचताना तो रूपांतरित करावा लागतो, नाहीतर पहिल्या नोंदीनंतर सगळेच घसरते.

## कंटेनर केला की कायमचे भागते का?

कंटेनर म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारे सगळे वातावरण एका इमेजमध्ये बांधणे. त्याने काही वर्षे भागते. परम ब्रह्मसारख्या सामायिक महासंगणकावर रूट अधिकार मिळत नाहीत, म्हणून डॉकरपेक्षा ॲप्टेनर सोयीचे. इमेज बांधण्याच्या कृतीची फाइल आणि बांधलेली इमेज दोन्ही ठेवा, कारण आवृत्त्या लिहिल्या नसतील तर तीच कृती पुढच्या वर्षी वेगळी इमेज देते. एक्स८६ वरची इमेज एआरएम संगणकावर थेट चालत नाही. शिवाय कंटेनर चुकीचा प्रोग्रामही तितक्याच निष्ठेने जपतो. आत जुन्या उत्तरांची चाचणी ठेवली असेल तरच त्याला अर्थ.

## कोड आणि डेटा कुठे ठेवावा?

तीन ठिकाणी, आणि त्यातले एक पंचगंगेच्या पुराच्या पट्ट्याबाहेर. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहता तळमजल्यावरच्या कपाटातली हार्ड डिस्क हा बॅकअप मानू नये. खुला करता येण्यासारखा कोड गिटवर ठेवा, झेनोडो या खुल्या साठ्यावर त्याची आवृत्ती चढवून डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) घ्या आणि सॉफ्टवेअर हेरिटेजला तो साठवायची विनंती करा. दोन्ही सेवा मोफत आहेत.

खुला करण्याआधी मालकी तपासा. लेखकाने परवाना लिहिलेला नसेल तर त्याची लेखी संमती घ्या. जुन्या कोडमध्ये न्यूमरिकल रेसिपीज या पुस्तकातली सबरूटीने जागोजागी सापडतात. ती पुढे वाटण्याची परवानगी नसते, म्हणून त्यांच्या जागी लॅपॅक किंवा मिनपॅकमधली घाला आणि उत्तरे पुन्हा जुळवा.

## जुन्या नोंदी श्रीलिपीत किंवा आयएसएममध्ये टाइप केलेल्या आहेत.

ही जुन्या, स्वतःच्या फॉन्टवर चालणाऱ्या टायपिंगची साधने; त्यांतल्या नोंदी युनिकोड नाहीत. फॉन्ट गेला की मजकूर इंग्रजी अक्षरांचा चुराडा दिसतो. रूपांतरक वापरून बदला, पण जोडाक्षरे, रफार आणि आकडे डोळ्यांनी तपासा. क्षेत्रभेटीच्या वहीतल्या तक्त्यांत आकड्यांची गल्लत सर्वांत महाग पडते. मूळ फाइल, फॉन्टची फाइल आणि छापील पानाचे स्कॅन एकत्र ठेवा.

## हे काम कोणी करायचे? विद्यार्थ्याला त्याचा काय उपयोग?

फोर्ट्रान वाचायला शिकणे अवघड नाही. सी किंवा पायथॉन येणारा विद्यार्थी काही आठवड्यांत सबरूटीन समजू लागतो. अवघड असते ते त्यातले विज्ञान, आणि ते शिकणे हाच तर त्याचा अभ्यास आहे. म्हणून हे काम संगणकाच्या माणसाकडे एकट्याकडे टाकू नका, विषयाचा विद्यार्थी सोबत हवाच.

श्रेय मात्र मागून घ्यावे लागते. कोडच्या फोल्डरमध्ये सायटेशन फाइल ठेवा, तिच्यात मूळ लेखक आणि दुरुस्ती करणारा दोघांची नावे लिहा. डीओआय मिळाला की तो प्रबंधात आणि शोधनिबंधात उद्धृत करा. चाचण्या आणि माहितीपत्रक पूर्ण असेल तर जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअरकडे पाठवता येते. तिथे प्रकाशनाचे शुल्क नाही.

मार्गदर्शकांना एक आग्रहाची विनंती. प्रबंध सादर होण्याआधी त्याच गटातल्या दुसऱ्या विद्यार्थ्याला एक कोरा संगणक द्या आणि फक्त लेखी सूचनांवरून मुख्य तक्त्यातला एक आकडा काढायला सांगा. लिहिणाऱ्याने शेजारी बसून मदत करायची नाही. जिथे तो अडतो ती प्रत्येक जागा सूचनांत भरून घ्या, आणि आकडा जुळेपर्यंत कोडचा ताबा बदलू नका.